लाल खुणेपर्यंत

१

काटेवाल्यांचा रविवार कसा सुरू होतो, हे त्यांच्या गल्लीत कुणालाही विचारा. साडेसहाला शटर वर. पावणेसातला पहिली किक, ती फुकट. दुसरीही फुकट. मग "काय गं, रागावलीस का?" असं गाडीला लाडीगोडीनं विचारून झालं की तिसऱ्या किकला ती पाचशे सीसीची म्हातारी खोकून, ठसकून एकदाची बोलायला लागायची. समोरचा शिंपी म्हणायचा, आमच्याकडे रविवारी गजर लावायची गरजच नाही.

गाडी काटेवाल्यांच्याही जन्माआधीची. बाटलीसारखी हिरवी, एकाच सिलिंडरची, आणि डाव्या अंगाला साईडकार. ती साईडकार त्यांना तीस वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या डेअरीच्या आवारात सापडली. आत कोंबड्यांचा संसार होता. बायको बरोबर होती. तिनं कोंबड्या एकेक करून खाली उतरवल्या, रुमालानं जागा पुसली आणि आत ऐसपैस बसून म्हणाली, "ही आपली. मी काही आता इथून उठत नाही." डेअरीचा मालक हो म्हणेपर्यंत ती खरंच उठली नाही. जुन्या गाड्यांच्या टोळक्यात तेव्हापासून तिचं नाव पडलं कप्तान. गाडी चालवायचे काटेवाले, पण हुकूम सुटायचे साईडकारमधून.

काटेवाले हेही टोपणनावच. जन्मभर त्यांनी वजनकाटे दुरुस्त केले. घराखालच्या वर्कशॉपात अजूनही एक मोठा काटा होता, जमिनीत बसवलेला, फरशीला समतल. भिंतीवर त्याची घड्याळाएवढी तबकडी. वर्कशॉपातून घरात जायचं तर त्या काट्यावरूनच जावं लागे. पाय पडला की खालचं लोखंड खट्ट वाजे आणि तबकडीवरचा काटा उडी मारे. कप्तान येताजाता त्यावर उभी राहून विचारायची, "बघा हो, किती?"

"साठ."

"जरा कमी सांगा की! बायको आहे मी तुमची."

"काटा सांगेल तेच सांगणार," काटेवाले म्हणायचे. वजनाच्या बाबतीत हा माणूस सख्ख्या आईशीही खोटं बोलला नसता.

आता साईडकारचं एक असतं. ती रिकामी असली की डावीकडे वळताना तिचं चाक जमीन सोडतं आणि गाडी उलथायला बघते. म्हणून आत कुणी तरी बसलेलं हवं, नाहीतर वजन तरी हवं. काटेवाल्यांनी आपल्या स्वभावाला जागून साईडकारच्या स्प्रिंगपाशी पितळेची एक पट्टी बसवली होती, तिच्यावर एक दर्शक, आणि दोन खुणा. वरची पांढरी म्हणजे साईडकार रिकामी. खालची लाल म्हणजे कप्तान बसली.

दोघांची एक खूणही ठरलेली. इंजिनाच्या आवाजात बोलणं कुठलं ऐकू येतंय? वळणाआधी काटेवाले पेट्रोलच्या टाकीवर दोन थापा मारायचे, म्हणजे डावं वळण आलं, झुक. ती बोटातल्या अंगठीनं पत्र्यावर एकदा वाजवायची. टंग. म्हणजे कळलं. तो आवाज कानाला कमी आणि हँडलमधून तळहातालाच जास्त कळायचा.

मग गेल्या वर्षी कप्तानचे गुडघे गेले. जिना असो, बाजार असो, तिचं एकच पालुपद सुरू झालं, "तुम्ही व्हा पुढे. येते मी हळूहळू." साईडकारमध्ये चढणं तर बंदच झालं. पहिल्या एकट्या रविवारी काटेवाल्यांनी आपली वीस-वीस किलोची तीन लोखंडी वजनं साईडकारमध्ये पट्ट्यानं बांधली. दर्शक अगदी लाल खुणेवर आला. तरी त्यांचा पाय निघेना. स्वयंपाकघराच्या दारात तोंड पाडून उभे राहिले.

"शरीर राहू दे घरी," ते म्हणाले. "मनानं तरी चल."

कप्तान खुर्चीतून हसली. "तुम्ही व्हा पुढे. येते मी हळूहळू."

दोघंही हसले. एवढंच झालं होतं.

२

चूक झाली ती तीन महिन्यांनी. शनिवारी साईडकार धुवायला घेतली म्हणून काटेवाल्यांनी वजनं काढून भिंतीला लावून ठेवली आणि रविवारी परत ठेवायला विसरले. ही चूक साईडकारवाल्यानंच करावी, दुसऱ्या कुणाला ती सुचणारही नाही.

पेट्रोलपंपामागच्या कॅन्टीनमध्ये टोळकं जमलं होतं. बँकवाले आपल्या वडिलांच्या छोट्या मोटारीची आठवण सांगत होते. पाचवीत असताना त्यांना मागच्या सीटवर झोप लागली, वडील गाडी कुलूपबंद करून ऑफिसात गेले, आणि हे दिवसभर हॉर्न वाजवत बसले. "तोच हॉर्न आहे अजून! वाजवून दाखवू?" आठवण शंभरदा ऐकलेली होती, तरी सगळे नको नको करत हसले. या लोकांचं तसंच असतं. गाडीचा एकेक सुटा भाग आणि त्याला चिकटलेली एकेक आठवण. भाग बदलतील, आठवण बदलणार नाहीत.

दातांचे डॉक्टर, ज्यांना सगळे दातवाले म्हणत, ते कप हातात घेऊन साईडकारपाशी गेले आणि आत डोकावले.

"काटेवाले, वजनं कुठायत तुमची?"

"आत."

"आत वहिनींची उशी आहे नुसती."

काटेवाले उठले. बघितलं. खरंच की. नुसती उशी.

"नशीब समजा," दातवाले म्हणाले. "पाण्याच्या टाकीच्या वळणावर कपाळमोक्ष झाला असता."

काटेवाले मान डोलावत राहिले, पण मनात मोजत होते. घरापासून इथवर डावी वळणं सात. सातही त्यांनी रोजच्याच वेगानं घेतली होती. चाक एकदाही उचललं नव्हतं. टाकीवर थापा सातही वेळा मारल्या होत्या, ती सवयच होती. आणि तळहाताला... बोल्ट ढिला असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. जुनी गाडी. शंभर आवाज करते.

परतताना पाण्याच्या टाकीचं वळण त्यांनी मुद्दाम जोरात घेतलं. दोन थापा मारल्या.

टंग.

चाक रस्त्याला चिकटून राहिलं.

३

काटेवाले काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांचा विश्वास स्प्रिंगवर. घरी आल्यावर बघितलं तर दर्शक पांढऱ्या खुणेच्या थोडा खाली होता. स्प्रिंग थकली, झालं! दुपारी नवी स्प्रिंग घातली. दर्शक तिथंच. मग त्यांनी चारी बोल्ट काढले, साईडकार सोडवली आणि ढकलत ढकलत काट्यावर नेली. जमिनीतलं लोखंड खट्ट वाजलं.

साईडकारचं वजन त्यांना पाठ होतं. ब्याण्णव किलो. तबकडी दाखवत होती अठ्ठ्याण्णव.

त्यांनी सीट काढली. तळाचा पत्रा खरवडला. चिखल निघाला मूठभर. टायर काढून बघितला, न जाणो, पाणी शिरलं असेल. काट्याखालची धूळ झटकली, काट्यावर वीस किलोचं वजन ठेवून बघितलं; काटा बरोबर वीसवर थांबला. काटा चोख होता. साईडकार सहा किलोनं जड होती.

"जेवायला येताय का तिथंच राहताय?" वरून कप्तानची हाक आली. "आणि हो, एक गंमत सांगायचीय!"

गंमत अशी होती की गुडघ्याच्या डॉक्टरनं तिला वजन कमी करायला सांगितलं होतं. कालच ती दवाखान्यात जाऊन आली होती आणि डॉक्टरनं तिचं तोंडभरून कौतुक केलं होतं.

"चोपन्न!" ती म्हणाली. "गोड सोडलं नाही, काही नाही. सहा किलो आपोआप गेले. आहात कुठं!"

काटेवाल्यांचा घास हातातच राहिला.

"अहो, खूश व्हा की जरा."

"झालो की," काटेवाले म्हणाले आणि पाणी प्यायले.

४

दोन गोष्टी एकदम घडल्या म्हणून त्यांचा संबंध असतोच असं नाही. काटेवाले स्वतःला हे रोज सांगत. पण मन ऐकेल तर शपथ.

त्यानंतर ते कप्तानकडे डोळ्यात तेल घालून बघायला लागले. ती पहिल्यासारखीच होती. बोलत होती, टोमणे मारत होती, शिंप्याच्या बायकोशी तासतासभर गप्पा हाणत होती. कपडे तेवढे ढगळ झाले होते. एका रविवारी ते गाडीवरून परतले तेव्हा ती टेबलावर सांडलेला चहा पुसत होती.

"दर रविवारी हेच," ती वैतागून म्हणाली. "निवांत बसावं तर मध्येच एका अंगाला कलते मी. आपोआप. ही बघा अशी, डावीकडे. गुडघ्याचं दुखणं आता कमरेत गेलंय वाटतं."

काटेवाल्यांनी हेल्मेट काढून खुंटीला लावलं.

"ते कोपऱ्यावरचं रंगाचं दुकान पाडलं ना हो?" ती फडकं पिळत म्हणाली. "निळ्या पत्र्याचं कुंपण घातलंय."

ते दुकान बारा किलोमीटरवर होतं, कॅन्टीनच्या वाटेवर. कुंपण काटेवाल्यांनी स्वतः आज सकाळी पहिल्यांदा बघितलं होतं.

"कुणी सांगितलं तुला?"

कप्तान थांबली. फडकं हातात तसंच. "तुम्हीच नाही का सांगितलंत?" ती म्हणाली, पण तिचाच तिला भरवसा वाटत नव्हता. तिनं चष्मा काढून फडक्यानं पुसला. फडक्यावर धुळीचा तांबूस पट्टा उमटला. ती सकाळपासून घराबाहेर पडली नव्हती.

त्या महिन्याअखेरीस कप्तान सत्तेचाळीस किलो भरली. डॉक्टरचं कौतुक संपलं आणि तपासण्या सुरू झाल्या. रक्त, फोटो, झाडून सगळं. रिपोर्ट साफ आले. काहीही नाही. काटेवाल्यांनी त्या दिवशी दवाखान्यातून येऊन पुन्हा बोल्ट काढले आणि साईडकार काट्यावर नेली.

एकशे पाच.

ते तिथंच, जमिनीवर बसले. फार वेळ बसले. चाळीस वर्षं लोकांना सांगत आले होते की वजन कुठं जात नसतं. इथून गेलं तर तिथं सापडतं, नीट शोधावं लागतं. इतकी भीती त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. दर्शक पांढऱ्या खुणेपासून लाल खुणेकडे जेमतेम पाव अंतर उतरला होता, म्हणजे अजून बरीच वाट होती. पण तो लाल खुणेवर गेला, की वर खुर्चीत काय उरणार?

५

त्यांनी गाडी बंद केली. साईडकारवर ताडपत्री घातली, दोरी आवळली, शटर ओढून कुलूप लावलं. टोळक्याला सांगितलं, घरी बरं नाही.

उपाय लागू पडला म्हणायचा. तीन आठवडे झाले, कप्तानचं वजन सत्तेचाळीसवर थांबलं. एक ग्रॅमही हललं नाही. पण कप्तानच थांबल्यासारखी झाली. हाक मारली तर चौथ्या हाकेला ओ देई. शिंप्याची बायको येऊन बसून गेली तरी हिचं आपलं हूं आणि हूं. जी बाई साईडकारमधून ट्रकवाल्यांना शिस्त लावायची, ती भिंतीकडे बघत बसून राही.

एकदा भर दुपारी, खिडक्या सताड उघड्या, टेबलावर ऊन आलेलं, आणि ती म्हणाली, "अहो, दिवा लावा ना."

"दिवा? अगं, लख्ख उजेड आहे."

"इथं अंधार आहे," ती शांतपणे म्हणाली. "पेट्रोलचा वास येतो. आणि तोंडावर काहीतरी घातलंय. गुदमरायला होतं हो."

काटेवाले जिना उतरून खाली धावले. कुलूप उघडलं, शटर वर ढकललं, दोरी सोडायलाही थांबले नाहीत, कापलीच. ताडपत्री ओढून काढली. आत नुसती उशी. उशीत खळगा. कुणी नुकतंच उठून गेल्यावर पडतो तसा. किंवा कुणी उठलेलंच नसताना.

वर आले तर कप्तान खिडकीशी उभी राहून खोल श्वास घेत होती. गालावर रंग होता. "हवा छान सुटलीय," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी त्यांनी दातवाल्यांना फोन केला. दातवाल्यांचा त्या साईडकारवर कित्येक वर्षांचा डोळा. "घेऊन जा," काटेवाले म्हणाले. "काही द्यायला नको. येत्या रविवारी दुपारी या, बोल्ट मी ढिले करून ठेवतो."

"अहो, वहिनींची साईडकार ती. त्यांना विचारलंत का?"

काटेवाल्यांनी फोन ठेवून दिला. दुसऱ्याकडे गेली तर बरं होईल की वाईट, याचा त्यांनाही अंदाज नव्हता. ती जिथं जाईल तिथं काय काय जाईल? रात्रंदिवस हाच घोर. शुक्रवारी मात्र एकदम डोक्यात उजेड पडला. हिशेब साधा होता, काटेवाल्याला तर पहिल्यांदा सुचायला हवा होता. तेरा किलो खाली आहेत, सत्तेचाळीस वर आहेत. मग दोन्ही एकत्र करायचे. तिला साईडकारमध्ये बसवायचं, तिचं तिला परत मिळवून द्यायचं, आणि मग उतरवायचं.

६

रविवारी सकाळी त्यांनी तिला हात धरून खाली आणलं. काट्यावरून जाताना खट्ट वाजलं. सत्तेचाळीस.

"शेवटची चक्कर," ते म्हणाले. "दुपारी दातवाले न्यायला येणार."

"असं? मला न विचारता?" खूप दिवसांनी तिच्या आवाजात धार आली. काटेवाल्यांना इतकं बरं वाटलं!

तिला उचलून आत ठेवायला काहीच कष्ट पडले नाहीत. ती उशीवर टेकली. काटेवाले खाली वाकून पितळी पट्टीकडे बघत राहिले. दर्शक हलला, सावकाश उतरत गेला आणि लाल खुणेवर थांबला. बरोबर खुणेवर. साठ.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता रडताय काय? किक मारा," कप्तान म्हणाली.

पहिल्याच किकला गाडी चालू झाली. शिंपी दारात येऊन टाळ्या वाजवायला लागला. गल्ली संपली आणि साईडकारमधून हुकूम सुटायला लागले. खड्डा बघा. त्या बसच्या मागे कशाला लागलात? रंगाच्या दुकानापाशी तिनं निळ्या कुंपणाकडे बोट दाखवलं, बघा मी म्हटलं नव्हतं. पाण्याच्या टाकीचं वळण आलं. काटेवाल्यांनी दोन थापा मारल्या. टंग. ती डावीकडे झुकली, तिचे पांढरे केस वाऱ्यावर उडाले, आणि गाडी त्या वळणातून तीस वर्षांपूर्वीसारखी निघाली. कॅन्टीनमध्ये बँकवाल्यांनी हॉर्न वाजवून दाखवलाच. दातवाले म्हणाले, "वहिनी, तुम्ही तर ठणठणीत दिसताय की!"

येताना ती काही बोलली नाही. काटेवाल्यांनी दोनदा वळून बघितलं. डोळे मिटून, तोंड वाऱ्याकडे करून ती हसत होती.

७

वर्कशॉपात शिरून त्यांनी इंजिन बंद केलं. आता उतरवायचं. त्यांनी हात पुढे केला, पण हात धरायच्या आत कप्तान आपली आपण उठली आणि कडेवरून पाय टाकून उतरली सुद्धा.

"अहो!" ती स्वतःच चकित झाली. "गुडघा दुखतच नाही. बघा, बघा!" तिनं दोन्ही गुडघे वाकवून दाखवले. "कणभर दुखत नाही. पिसासारखं वाटतंय."

काटेवाल्यांना हसू फुटलं. जमलं म्हणायचं. ते तसेच हसत वाकले, पट्टीवर दर्शक पांढऱ्या खुणेवर गेलेला बघायला.

दर्शक लाल खुणेवर होता.

ते बघत राहिले. कदाचित अडकला असेल. त्यांनी बोटानं टिचकी मारली. दर्शक थोडा थरथरला आणि परत लाल खुणेवर येऊन थांबला. उशीत खळगा होता.

मागे कप्तान घराकडे निघाली होती. तिची चप्पल वाजत नव्हती. ती काट्यावर गेली, नेहमीसारखी मध्ये उभी राहिली, कमरेवर हात ठेवले. लोखंड खट्ट वाजलं नाही.

"बघा हो, किती?"

काटेवाल्यांनी मान वर केली. तबकडी समोरच होती. काटा शून्यावर होता. थरथरतही नव्हता. त्याच्याखाली कप्तान उभी होती, गालावर रंग, केस विस्कटलेले, त्यांच्याकडे बघून हसत. इतकी आनंदात ती गेल्या वर्षभरात दिसली नव्हती.

"सांगा ना. भरलं का काही?"

"साठ," काटेवाले म्हणाले. "बरोबर साठ."

"बघा! उगाच घोर लावून घेतलात जिवाला. चहा टाकते. तुम्ही व्हा..." ती थांबली, आपल्याशीच हसली. "नाही, मीच होते पुढे. तुम्ही या हळूहळू."

दारातून ती आत गेली. जिन्याची तिसरी पायरी गेली वीस वर्षं करकरत होती. काटेवाले कान देऊन ऐकत राहिले. काही करकरलं नाही. थोड्या वेळानं वर कपबशा वाजल्या.

त्यांनी भिंतीवरचा फोन उचलला आणि दातवाल्यांना सांगितलं, दुपारी येऊ नका.

"का हो? काय झालं?"

"साईडकार द्यायची नाही," काटेवाले म्हणाले. "आमची अजून बसते."

फोन ठेवून ते साईडकारपाशी आले. सवयीनं ताडपत्री उचलली, घडी उलगडली, अर्धी वर नेली आणि थांबले. परत तिची घडी घातली आणि कोपऱ्यात ठेवून दिली. शटर अर्धं उघडं ठेवलं, म्हणजे ऊन आत येईल.

मग टाकीवर, अगदी हलकेच, त्यांनी दोन थापा मारल्या.

"अहो, चहा!" वरून हाक आली. आणि त्याच वेळी, हाताजवळ, पत्र्यावर एकदा वाजलं.